नागदीपची होडी

श्रीलंकेत जाफन्याहून बसने आम्ही पुंगुडुतीवू बेटाच्या कुरिकट्टुवान धक्क्यावर आलो. समोरच नैनातीवू बेट. रत्नजडित आसनासाठी लढणाऱ्या महोदर-चूलोदर या मामा-भाच्या नागराजांत तथागतांनी इथेच समेट घडवला, असे महावंस सांगतो.

आगाऊ तिकीट नव्हते. आधी येईल तो चढेल. होडी भरली. आम्ही सातजण, जागा सहांना. आजी म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी थांबते." तेवढ्यात नागपूषणी अम्मनला निघालेल्या एका तमिळ बाईने मुलाला मांडीवर घेतले, आजीला हात दिला. 2009 पर्यंत या मुलखात यादवी होती!

बंधूभगिनींनो, नागदीपला जाल तर सकाळीच निघा, सुटे पैसे ठेवा आणि परतीची शेवटची होडी आधी विचारा.