पाहणाऱ्याचा शब्द

इंग्रजीत नाट्यप्रेमी मनुष्यास ‘थिएट्रोफाइल’ असा एक शब्द आहे. बोलण्यात तो क्वचितच येतो. अधिक रूढ शब्द ‘स्टेज-स्ट्रक’. परंतु या दुसऱ्यात थोडा उपहास आहे, आणि तो लागतो बहुधा स्वतः रंगभूमीवर चढण्यास उतावीळ झालेल्याला. नुसत्या पाहणाऱ्यास त्यात जागा नाही. ‘थिएट्रोफाइल’चे कूळ निराळे. ग्रीक भाषेत ‘थिआट्रॉन’ म्हणजे पाहण्याची जागा, अर्थात प्रेक्षकांची बैठक. नट वावरत त्या जागांना नावे वेगळी होती. तेव्हा हा शब्द मुळातच प्रेक्षकाच्या पक्षाचा!

आमच्या वडिलांस घरात सारे ‘नाटकवेडे’ म्हणत. तोंडाला रंग त्यांनी जन्मात लावला नाही. पण खाडिलकरांचे ‘मानापमान’ (१९११) गावात लागले की घरखर्चातून तिकिटाचे पैसे निघालेच. आई त्यास व्यसन म्हणे, आणि महिनाअखेरीस तिचे म्हणणे खोटे नसे. ‘रसिक’ हा सुंदर शब्द आपल्याजवळ आहे खरा. पण तो सूत्रधाराच्या तोंडी शोभतो, वाण्याचे बिल थकलेल्या घरात नव्हे.

वडिलांच्या मागे त्यांची एक चोपडी सापडली. तीत प्रत्येक प्रयोगाची तारीख आहे, नटांची नावे क्वचित आहेत, आणि खुर्चीचा क्रमांक मात्र एकदाही चुकलेला नाही.