एकशे ऐंशीला एक दशांश कमी

देवस्थानाच्या विश्वस्त मंडळाचे बिनपगारी कायदेशीर सल्लागारपद ज्याच्या गळ्यात पडते, त्याच्याकडे दोन जातींचे कागद येतात. काही देवाच्या जमिनीचे असतात, काही देवाच्या पैशाचे. जमिनीच्या कागदांनी आमची झोप उडते आणि पैशाच्या कागदांनी मंडळाची. गेल्या वर्षी आमच्या मेजावर आलेला अर्ज दुसऱ्या जातीचा होता; पण त्याने मंडळाची आणि आमची, दोघांचीही झोप उडविली.

अर्ज होता वांकिडीच्या एका मराठी शाळेचा. सातवीच्या वर्गाला गणित शिकविण्यासाठी बोटाच्या स्पर्शाने चालणारा विजेचा फळा, ज्याला हल्ली सर्वत्र 'स्मार्ट बोर्ड' म्हणतात तो, देवस्थानच्या शिक्षणनिधीतून मिळावा अशी मुख्याध्यापकांची विनंती होती. सभेत लगेच दोन आक्षेप निघाले. पहिला, वांकिडी परराज्यात आहे. दुसरा, देवाच्या पैशातून हा भला मोठा दूरदर्शनसंच कशाला?

पहिल्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. १९५६ पर्यंत राजुरा आणि वांकिडी ही दोन्ही गावे हैदराबाद राज्याच्या एकाच आदिलाबाद जिल्ह्यात होती. त्या वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, राजुरा तालुका मुंबई राज्यात आला, प्रथम नांदेडला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. वांकिडी पलीकडे राहिली. ती आधी आंध्र प्रदेशात होती, २०१४ पासून तेलंगणात आहे, आणि २०१६ पासून तिच्या जिल्ह्याला कोमरम भीम यांचे नाव आहे. राज्ये बदलली, जिल्हे बदलले. घरातली मराठी मात्र कोणी बदलली नाही. याच मुलखात १९४० नंतरच्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी गोंड मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा त्यांच्यासाठी गोंडी भाषेची पुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, ती त्या भागातील मराठीच्या वहिवाटीमुळेच. आम्हां वकिलांना वहिवाटीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

दुसऱ्या आक्षेपाला कायदा उत्तर देतो. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या नवव्या कलमात धर्मादाय हेतूंमध्ये शिक्षण स्पष्ट गणलेले आहे. पण 'हा फळा म्हणजे शिक्षण का?' हा प्रश्न कलमाने सुटत नाही. मंडळाने तो आमच्यावर सोपविला. "वकीलसाहेब, एकदा जाऊन पाहून या आणि अभिप्राय द्या," असे अध्यक्षांनी फर्माविले.

खरे सांगायचे तर अभिप्राय आमच्या मनात आधीच तयार होता, आणि तो नकाराचा होता. ज्या विषयाने आम्हांला लहानपणी रडविले आणि शेवटी कायद्याच्या आश्रयाला पाठविले, त्याचे चित्रांनी नटवलेले रूप पाहण्याची आम्हांला मुळीच हौस नव्हती. शिवाय थोडे वाचनही करून ठेवले होते. असे फळे १९९१ पासून बाजारात आहेत. इंग्लंडने ते आपल्या शाळांतून मोठ्या प्रमाणात बसविले. आणि लंडनच्या माध्यमिक शाळांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा पहिल्या वर्षात तरी मुलांच्या गुणांत त्यामुळे काही भर पडल्याचे दिसले नाही. विरुद्ध बाजूचा पुरावाही होता. आपल्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याची जिल्हा परिषदेची लहानशी शाळा संदीप गुंड या शिक्षकाने डिजिटल करून दाखविली, आणि तिचे पाहून कित्येक गावांनी लोकवर्गणी काढली. पण विरुद्ध बाजूचा पुरावा आपण फार आस्थेने वाचत नाही, ही आमच्या धंद्यातली जुनी खोड.

निघताना आईने विचारले, "पुता, हें यंत्र गणित शिकयता, काय तेंच गणित करता?" आम्ही हसून वेळ मारून नेली. तिचा प्रश्न मात्र वर्धा नदी ओलांडून राजुऱ्यापर्यंत आणि तेथून आसिफाबादच्या रस्त्याने वांकिडीपर्यंत आमच्याबरोबर आला. दुतर्फा काळ्या मातीत कपाशी उभी होती. पाट्यांवरची अक्षरे नागरीतून तेलुगूत गेली, आणि तरीही चहाच्या टपरीवर "बसा दादा" हेच शब्द कानी पडले.

विक्रेत्याने महिनाभराच्या बोलीवर तो फळा वर्गात लावून दिला होता. त्याच्या चौकटीच्या कडांतून डोळ्यांना न दिसणारे किरण आडवे-उभे धावतात. बोट मध्ये आले की कोणते किरण अडले यावरून यंत्राला बोटाची जागा कळते. शेजारीच भिंतीवर जुना काळा फळा होता. वर्गात एकवीस मुले होती.

गुरुजींनी फळ्यावर एक त्रिकोण काढला. तिन्ही कोनांशी त्यांची मापे आपोआप उमटली आणि खाली बेरीज आली, १८०. मग त्यांनी शिरोबिंदूवर बोट ठेवून तो इकडेतिकडे ओढला. त्रिकोण उंच झाला, बसका झाला, कलला. मापे भराभर बदलत गेली, खालचे १८० मात्र ध्रुवासारखे अढळ. मुले टाळ्या पिटू लागली. आमचा नकार किंचित डळमळला, हे कबूल केले पाहिजे. आमच्या लहानपणी त्रिकोण एकच होता, पुस्तकातला, आणि तो कधी हलला नाही.

तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिने फळ्यावरची मापे वहीत उतरवून घेतली होती: ६२.३, ७१.३ आणि ४६.३. "सर, माझे एकशे एकोणऐंशी पूर्णांक नऊ दशांश येतात."

वर्ग हसला. "तुझी बेरीज चुकली," असे चार-पाच आवाज आले. आम्ही मागच्या बाकावर बसून अर्जाच्या पाठीवर बेरीज केली. मुलीचे बरोबर होते. फळ्याने स्वतः सांगितलेल्या तीन आकड्यांची बेरीज फळ्यानेच सांगितलेल्या बेरजेशी जुळत नव्हती. साक्षीदार उलटतपासणीत सापडला, की वकिलाच्या अंगावर जो रोमांच उभा राहतो, तो आम्हांला त्या वर्गात आला.

आता गुरुजी काय करणार? 'बस खाली' म्हणून पुढचे पान काढणे सोपे होते. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "बाई, तुझी बेरीज बरोबर आहे. फळ्याने आपल्याला पुरते माप सांगितलेले नाही." त्यांनी दशांशाची आणखी एक जागा उघडली. मापे झाली ६२.३४, ७१.३४ आणि ४६.३२, बेरीज बरोबर एकशे ऐंशी. प्रत्येक मापाची शेपटी यंत्राने छाटली होती, आणि त्या तीन छाटलेल्या शेपट्या मिळून एक दशांश होत होता.

मुलगी बसली नाही. "मग सर, याच्या पुढेही शेपट्या असतील. सगळ्याच त्रिकोणांत नक्की एकशे ऐंशी, हे कशावरून?"

कशावरून! उभा जन्म आम्ही न्यायालयात हाच एक शब्द विकून खातो. फळ्याने दहा त्रिकोण दाखविले काय आणि हजार दाखविले काय, ते सारे साक्षीदारच. हजार साक्षीदारांनंतर अकराशेवा फिरणार नाही, अशी हमी कोण देणार? आमच्या व्यवहारात आम्ही पुराव्यावर भागवतो. 'वाजवी संशय उरू नये' एवढेच आमचे मागणे. गणिताला संशयाचा तो अखेरचा दशांशही खपत नाही. त्याला सिद्धता लागते.

गुरुजी विजेच्या फळ्यापासून दूर झाले आणि खडू घेऊन जुन्या फळ्यापाशी गेले. एक त्रिकोण काढला, वाकडाच. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेघ ओढली. "हा कोन आणि हा कोन?" "व्युत्क्रम कोन," वर्ग म्हणाला. "म्हणजे?" "समान." दुसऱ्या बाजूलाही तेच. पायाजवळचे दोन्ही कोन वर येऊन शिरोबिंदूच्या कोनाला भिडले, आणि तिघे मिळून एक सरळ रेघ झाली. ज्या त्रिकोणाचे एकही माप कोणी घेतले नव्हते, त्यानेच प्रश्न कायमचा निकालात काढला. मुलीने क्षणभर पाहिले, मान डोलावली आणि ती खाली बसली. वयाच्या चाळिशीनंतर आम्हांलाही ते त्या दिवशी प्रथम कळले.

आईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथेच सापडले. यंत्राने गणित शिकविले नव्हते आणि केलेही नव्हते. त्याने प्रश्न उभा केला होता, आणि तोही आपल्या चुकीने. पण हलणारा त्रिकोण नसता तर ती मुलगी उभी राहिली नसती, आणि जुना फळा नसता तर ती समाधानाने बसली नसती.

मधल्या सुट्टीत मुलांशी बोलताना आणखी एक गोष्ट उमगली. तेलुगूत एकोणऐंशीला 'डेब्बै तोम्मिदि' म्हणतात, म्हणजे सत्तर नऊ. जसे बोलावे तसे लिहावे. मराठीत ऐंशीला एक कमी म्हणायचे आणि लिहायचे मात्र सात आणि नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी संख्यावाचनाची जोड आली, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांची अडचण वांकिडीच्या कोणत्याही पोराला चटकन कळली असती, कारण ते दुकानात एका रीतीने मोजते आणि वर्गात दुसऱ्या. विजेच्या फळ्यावर दहा-दहांचे गठ्ठे सरकवून गुरुजी हे दोन्ही हिशेब शेजारी मांडतात. ते खडूने जमले नसते.

निघताना मुख्याध्यापकांनी आम्हांला बाजूला घेतले. "साहेब, अर्जात लिहिले नाही, पण सांगतो. फळा गणितासाठी हवा हे खरे. पण आईबापांना तो दिसायलाही हवा आहे. पलीकडच्या इंग्रजी शाळेत आहे म्हणतात. आमचा पट दर वर्षी घसरतो आहे. उद्या हा वर्ग मोडला, तर गणित मराठीत शिकवायचे कोणाला?"

परतीच्या वाटेवर याच वाक्याने आम्हांला अधिक छळले. अर्जात एक हेतू आणि मनात दुसरा, अशा कागदावर आम्ही अशिलाला सही करू देत नाही. पण हा दुसरा हेतू लाजिरवाणा होता का? पाटणच्या शिलालेखात नोंद आहे की भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिला आणि त्याला १२०७ मध्ये दान मिळाले. ज्या काळी गणित धुळीच्या पाटीवर आकडे काढून आणि पुसून होत असे, त्या काळीही देणाऱ्यांनी दान दिले ते पाटीला नव्हे. शिकणारे आणि शिकविणारे एका जागी टिकावेत, म्हणून दिले.

आम्ही अभिप्राय लिहिला: फळा द्यावा. सोबत चार अटी घातल्या. वीज जाते म्हणून बॅटरी द्यावी. दुरुस्तीसाठी पाच वर्षे वेगळी रक्कम बाजूला ठेवावी. फळ्याला गुरुजींपेक्षा मुलांचे बोट अधिक लागावे. आणि जुना काळा फळा भिंतीवरून काढू नये. मुख्याध्यापकांचा दुसरा हेतूही आम्ही त्यांच्या संमतीने अभिप्रायात नोंदविला. मंडळाने थोड्या कुरबुरीनंतर मान्यता दिली.

या जूनमध्ये मुख्याध्यापकांचे पत्र आले. सातवीत एकोणीस मुले आहेत. वीसला एक कमी, गेल्या वर्षीच्या पटाला दोन कमी. फळ्याने पट वाढविला नाही. मंडळातील एका सद्गृहस्थांनी ते पत्र आमच्यापुढे ठेवून "आता काय म्हणता?" असे विचारले. आम्ही फाईल उघडली आणि अर्जाच्या पाठीवर केलेली ती बेरीज त्यांना दाखविली. त्यांनी ती दोनदा पडताळून पाहिली, खिशातून पेन काढले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, इथे एक दशांश कमी येतो आहे. असे कशावरून झाले?"

आम्ही त्यांना बसायला खुर्ची दिली आणि कागदावर एक त्रिकोण काढला.