अ, ब आणि क

गणिताच्या मास्तराचं साहित्याच्या अंकात काय काम, असं एखादा वाचक म्हणेल. पण मोहल्ल्यातल्या शाळेत मी तीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, आणि माणसांविषयी जे थोडंफार कळलं ते बरंचसं फळ्यासमोर उभं राहूनच कळलं.

वर्गसमीकरणाचं सूत्र पोरं घोकून टाकतात. आकडे भरले की उत्तर बाहेर. आलेख काढा म्हटलं की वर्ग गप्प. म्हणून मी फळ्यावर एवढंच लिहायचो: य = अ×क्ष² + ब×क्ष + क. मग एकेक आकडा बदलायचा आणि रेषा काय करते ते बघायचं.

अ म्हणजे रेषेचा स्वभाव. तो धन असेल तर रेषा कटोऱ्यासारखी वर उघडते. ऋण असेल तर कटोरा पालथा. अ मोठा केला की कटोरा अरुंद, एकाच्या आत आणला की पसरट. शून्य केला तर कटोराच उरत नाही, सरळ रेघ होते.

क साधा आहे. तो वाढवला की अख्खा कटोरा, आकार न बदलता, तेवढाच वर सरकतो. य = क्ष² − ४क्ष + ३ घ्या. ही रेषा आडव्या अक्षाला १ आणि ३ वर छेदते. शेवटच्या ३ च्या जागी ४ लिहा, ती फक्त २ वर टेकते. ५ लिहा, ती अक्षाला शिवतच नाही. वास्तव मुळं संपली.

ब मात्र भल्याभल्यांना चकवतो. वाटतं, तो बदलला की कटोरा डावीउजवीकडे सरकेल. सरकतो, पण सरळ नाही. अ १ आणि क ४ ठेवा, आणि ब ला −४, −२, ०, २, ४ असं बदलत न्या. प्रत्येक रेषा उभ्या अक्षावरच्या ४ मधूनच जाते. तो खुंटा सुटत नाही. आणि कटोऱ्यांचे तळ, म्हणजे (२, ०), (१, ३), (०, ४), (−१, ३), (−२, ०), जोडले तर दुसरा एक कटोरा तयार होतो, पालथा. तो दिसला की मागच्या बाकावरचीही पोरं मान वर करायची.

एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, क पाच केला तर मुळं जातात कुठं?"

"त्याचं उत्तर अकरावीत मिळतं. सायन्सला जा," मी म्हणालो.

महिन्याभरात तिचे अब्बा शाळेत आले. "सर, दहावी बस झाली. हिशेब येतो तिला. एवढं गणित शिकून घरात काय करायचं?" माणूस वाईट नव्हता. तीन मुलींचा बाप, आणि कॉलेज तालुक्याला. त्याची भीती खरी होती.

मी त्यांना अल-ख्वारिझ्मीविषयी सांगितलं. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये त्यानं जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातल्या 'अल-जब्र'वरून बीजगणिताला युरोपात नाव मिळालं. क्ष² + १०क्ष = ३९ हे समीकरण तो चौरस काढून सोडवतो. चौरसाच्या चारही बाजूंना अडीच रुंदीच्या पट्ट्या लावतो, कोपऱ्यांत २५ ची भर घालतो, मोठा चौरस ६४ चा होतो, बाजू ८; त्यातून ५ वजा, उत्तर ३. शाळेतली पूर्ण वर्ग पद्धत ती हीच, आणि कटोऱ्याचा तळही तिच्यानंच सापडतो. पण त्याच ग्रंथाचा मोठा भाग वारशाच्या वाटणीचा आहे. मी म्हणालो, "भाईजान, मुलीचा हिस्सा काढायलाही बीजगणित लागलं. मग मुलीनंच ते शिकू नये?"

हे नाव आपल्याकडे भाषणांत छाती फुगवून घेतलं जातं. खरं तर ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्येच दिले होते. ख्वारिझ्मीनं ऋण संख्या टाळल्या, म्हणून त्याला समीकरणांचे सहा प्रकार करावे लागले. समीकरणाची रेषा काढायची वाट रुळली ती फ्रान्सच्या देकार्तच्या १६३७ च्या ग्रंथानंतर. इल्म कुणा एकाच्या मोहल्ल्यातलं नसतं. पूर्वजांचं नाव घेणं सोपं, पोरीला अकरावीत पाठवणं अवघड.

अब्बा बराच वेळ बोलले नाहीत. उठताना एवढंच विचारलं, "बस किती वाजता परत येते?"

घरची गरिबी, लोक काय म्हणतील ही धास्ती, तालुक्याचं अंतर, हे सगळे आपल्या मुलींच्या समीकरणातले क आहेत. मुलीचा स्वभाव तोच राहतो, बुद्धी तीच राहते. एक आकडा वाढतो आणि ती जमिनीला टेकायची राहून जाते. फळ्यावर तो आकडा मी बदलत होतो. घरात तो आपण बदलतो.

पुढच्या वर्षी ती मुलगी वही घेऊन आली. संमिश्र संख्या शिकून झाल्या होत्या. "सर, पाचाची मुळं सापडली. २ अधिक आय आणि २ वजा आय. आणि बघा ना, कटोऱ्याचा तळ २ वर होता, तो २ दोन्हींत तसाच आहे!"