सिन्नरचें देऊळ आणि पुसलेली फीत

गेल्या मार्गशीर्षांत एके रात्रीं आमच्या नाशिकच्या घरीं चिरंजीवांनीं दूरचित्रवाणीच्या पडद्यावर जुना ‘चिमणराव’ लावला. कै. चिं. वि. जोशी हे बडोद्यास पाली भाषेचे अध्यापक; परंतु महाराष्ट्रानें त्यांस ओळखलें तें चिमणराव व गुंड्याभाऊ या जोडीमुळें. १९४२ सालीं ‘सरकारी पाहुणे’ या बोलपटांत ही जोडी प्रेक्षकांस भेटली, आणि १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शननें ती घरोघर पोंचविली. श्री. दिलीप प्रभावळकरांचा भाबडा चिमणराव आणि बाळ कर्वे यांचा दणकट गुंड्याभाऊ आम्ही प्रथम पुण्यास मावशीकडे पाहिला. खोली आठ जणांची, आणि बसलेलीं माणसें वीस!

इतक्या वर्षांनीं तेंच हंसूं परत आलें. आमच्या सौ.ना तर डोळ्यांस पदर लावावा लागला. बारा वर्षांचा नातू आधीं आम्हांस हंसत होता. थोड्या वेळानें तो चिमणरावांस हंसूं लागला. भाग संपतांच म्हणाला, “आजोबा, आतां पुढचा लावा ना!”

पुढचा नव्हता. त्या मालिकेचे थोडेच भाग आज पाहावयास मिळतात. त्या काळीं ध्वनिचित्रफीत महाग असे. कार्यक्रम दाखवून झाला कीं तिच्यावरच दुसरा घ्यावा, ही चाल जगभर होती. खुद्द लंडनच्या बी. बी. सी.च्याही कित्येक विनोदी मालिका अशाच पुसल्या गेल्या आहेत. “म्हणजे कोणी जपल्याच नाहींत?” असें म्हणून नातू हिरमुसला होऊन निजावयास गेला.

दुसऱ्या दिवशीं ठरल्याप्रमाणें आम्ही त्यास घेऊन सिन्नरास गेलों. नाशिकाहून पुण्याच्या रस्त्यानें हें गांव सुमारें ३० किलोमीटर आहे. विड्या आणि कारखाने यांसाठीं त्याचें नांव आज लोकांच्या तोंडीं असतें. परंतु देवगिरि ही राजधानी होण्यापूर्वीं यादवांचें बस्तान याच भागांत होतें, आणि सेउणचंद्राचें सेउणपुर तें हेंच, असें विद्वान् मानतात.

गोंदेश्वराच्या प्रशस्त जोत्यावर मधोमध शिवमंदिर, समोर नंदीचा मंडप, आणि चार कोपऱ्यांस विष्णु, गणेश, पार्वती व सूर्य यांचीं लहान देवळें आहेत. ज्यांच्या घरीं नित्य पंचायतनपूजा होते, त्यांस आपला देव्हाराच येथें पाषाणांत उतरल्यासारखा वाटेल. मुख्य शिखरावर इवल्या शिखरांच्या ओळी एकीवर एक चढत जातात. या पद्धतीस ‘भूमिज’ म्हणतात. भिंतींवर रामायणांतील प्रसंग कोरले आहेत. लोक या देवळास हेमाडपंती म्हणतात खरें. पण तें बाराव्या शतकाच्या सुमाराचें, आणि हेमाद्रिपंडित तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांतील. हेमाडपंतांच्या आधींचें हेमाडपंती! हा विनोद नातवास फार आवडला.

मग आदल्या रात्रीचा प्रश्न त्यानें उलटा केला. “आजोबा, हें कसें राहिलें? दगडाचें म्हणून?”

आम्ही म्हटलें, “कांहीं अंशीं. पण याच गांवांतील ऐश्वर्येश्वराचें देऊळही दगडाचेंच. त्याचा बराच भाग नाहींसा झाला आहे. नुसता दगड पुरत नाहीं. कोणी तरी दिवा लावावा लागतो, झाडलोट करावी लागते, ढळलेला चिरा पुन्हा बसवावा लागतो. आज तें काम पुरातत्त्व खात्याकडे आहे.”

हें बोलतांना मात्र आमची जीभ अडखळली. आमच्या मातुःश्री पहाटे ओव्या म्हणत. १९८४ सालीं त्या आम्हीं एका फितीवर घेतल्या होत्या. पुढें शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं कोरी फीत हाताशीं नव्हती. म्हणून तिच्यावरच नाटकाचें संगीत घेतलें. आईकडून ओव्या पुन्हा म्हणवून घेऊं, असें मनांत होतें. तें राहून गेलें. हें आम्हीं घरांत कोणासही सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं मंदिराच्या पायरीवर नातवास सांगितलें. दुसऱ्यांनीं काय जपलें नाहीं, याचा हिशेब मांडणें सोपें असतें.

तो कांहींच बोलला नाहीं. संध्याकाळीं घरीं आल्यावर मात्र त्यानें आपल्या बापाचा मोबाइल आजीपुढें ठेवला. “आजी, पणजीच्या ओव्या तुला येतात?”

सौ. प्रथम संकोचल्या. मग हातांतील भाजी बाजूस ठेवून, डोळे मिटून म्हणूं लागल्या. सात ओव्या पुऱ्या आठवल्या, आठवी अर्धीच. ती अर्धीही त्यानें घेतली.