काचेचा तोरा

मालवण-कसाल रस्त्यावर कट्ट्याची बाजारपेठ लागते. अशा लहान बाजारातल्या डीटीपीच्या दुकानात, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सच्या गर्दीत, हे महाशय, म्हणजे काचेसारखा चमकणारा गोल लोगो, हमखास भेटतात. गोल अंग, निळा वर्ण, कपाळावर कायमची तिरीप. बाहेर आषाढ कोसळतोय, भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागतेय, पण पडद्यावर यांच्या डोक्यावरचं ऊन काही ढळत नाही. सूर्य ते स्वतःबरोबरच घेऊन फिरतात.

स्वतःचं नाव नाही. पोटात सुरमई घाला, ते खानावळीचे होतात. मोदक घाला, गणेशोत्सव मंडळाचे. गिऱ्हाईक सपाट लोगो बघून नाक मुरडतं, "ह्यो असो फिको कित्याक? जरा चमकव मारे!" की यांना बोलावणं जातं.

त्यांचा साज चढताना बघावा. आधी नुसतं वर्तुळ. त्यात रंग भरायचा तो वर गडद, खाली उजळ. नवखा ऑपरेटर नेमका उलट भरतो आणि महाशयांचा प्लॅस्टिकचा चेंडू होतो. काच वेगळी वागते: वरून शिरलेला उजेड ती आरपार नेते आणि तळाशी गोळा करते. म्हणून पोट उजळ. मग कडेने आतून बारीक सावली. शेवटी वरच्या अर्ध्या भागात पांढरी लंबगोल चकती, वर दाट, खाली विरत गेलेली. फोटोशॉपमध्ये हे लेअर-मास्कने जमतं, कोरलमध्ये ट्रान्सपरन्सी टूलने. ही चकती म्हणजे खिडकीचं प्रतिबिंब. खिडकी कुठेच नाही, प्रतिबिंब मात्र हजर! एवढ्या एका थापेवर सगळा तोरा उभा.

घराणं तसं मोठं. जानेवारी २००० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी मॅकचं ‘अ‍ॅक्वा’ रूप दाखवलं, तेव्हा ते बघून चाटावंसं वाटलं पाहिजे, असं ते म्हणाले होते. पुढे विंडोज व्हिस्टा काचेची झाली. सुरुवातीच्या आयफोनवर तर ॲपच्या चिन्हांना फोन स्वतःच झिलई चढवायचा. २०१३ मध्ये आयओएस ७ आलं, सगळं सपाट झालं, आणि शहरातल्या डिझायनरांनी महाशयांना वाळीत टाकलं. गावोगावच्या फ्लेक्सवाल्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. मला त्यात गावंढळपणा दिसत नाही. तांबडी धूळ खाऊन रस्त्याकडेची प्रत्येक पाटी मळकी होते. तिथे नवं, धुतलेलं काहीतरी हवं असं खानावळवाल्याला वाटलं तर त्याचं काय चुकलं? आणि जून २०२५ मध्ये ॲपलनेच ‘लिक्विड ग्लास’ म्हणून काच परत आणली. वाळीत टाकणारे आता पुन्हा झिलई शिकताहेत.

महाशयांची खरी फजिती कागदावर होते. फ्लेक्सवर निळा थोडा विझतो, ते चालून जातं. पण पावतीपुस्तक एका रंगात छापायचं म्हटलं की दशावतारातला राजा सकाळी तोंड धुऊन बाहेर यावा तसे दिसतात. छटांचे नुसते ठिपके होतात आणि सुरमई त्यात बुडते. रबरी शिक्क्यावर तर विचारूच नका. शिक्क्याला मधलं काही कळत नाही. शाई लागते किंवा लागत नाही. उमटतो तो काळा गोळा.

माझ्या मते लोगोची खरी परीक्षा शिक्काच घेतो, आणि महाशय तिथे दरवेळी नापास होतात. जाणता ऑपरेटर म्हणून त्यांच्या आधी त्यांचा सपाट भाऊ काढून ठेवतो: एक गोल रेघ, आत सुरमई, बस्स. गिऱ्हाइकाला तो दाखवतच नाही. पडद्यावर महाशयांना पसंती मिळते, बोर्डाची ऑर्डर नक्की होते, आणि पावतीपुस्तक छापायला जाताना फाइल जाते ती या भावाची.