जाळी किती बारीक विणायची?

वर्कस्टेशनवर प्रादेशिक हवामान मॉडेल चालवणाऱ्याला पहिला मोह होतो तो ग्रिड बारीक करण्याचा. डब्ल्यूआरएफ हे मॉडेल फुकट मिळते, त्याला लागणारी जीएफएस या जागतिक मॉडेलची आकडेवारीही रोज चार वेळा खुली होते; मग ३ किलोमीटरवर कशाला थांबायचे, १ वर का जाऊ नये? माझ्या मते, पावसाच्या अंदाजापुरते तरी थांबावे, आणि वाचलेली ताकद तोच अंदाज वेगवेगळ्या सुरुवातींपासून पुन्हा पुन्हा काढण्यात लावावी. हिशेब सरळ आहे. अंतर तिसऱ्या हिश्श्यावर आणले की, उभे थर तेवढेच ठेवले तरी, बिंदू ९ पट होतात. गणित कोसळू नये म्हणून काळाचे पाऊलही तितकेच आखूड करावे लागते. किलोमीटरमागे साधारण ६ सेकंद हा नेहमीचा ठोकताळा. म्हणजे खर्च २७ पट. एका बारीक रनच्या मोलात ३ किलोमीटरचे २७ रन होतात.

ते कशासाठी हवेत, हे मुंबईतल्या २६ जुलै २००५ च्या पावसाने दाखवून दिले आहे. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. मॉडेलने पावसाचा जोर अचूक पकडला, पण तो थोडा दक्षिणेला सरकवला, तर दोन्ही ठिकाणचे आकडे साफ चुकणार. अशी सरक बऱ्याचदा समुद्रावरच्या विरळ निरीक्षणांतून आणि सीमेवरून आत येणाऱ्या वाऱ्यांतून उद्भवते. ग्रिड कितीही बारीक केला तरी ती उणीव भरून निघत नाही. अनेक रन मात्र पाऊस कुठवर सरकू शकतो, याचा अदमास देतात.

यावर सह्याद्रीचा आक्षेप रास्त आहे. जाड ग्रिडमध्ये घाटमाथा बुटका होतो, कोकणातला चढ सौम्य होतो आणि पाऊस भलतीकडे पडतो. म्हणूनच मी २५ नव्हे, ३ किलोमीटर म्हणतो; साधारण ४ च्या खाली गडगडाटी ढगांची उलथापालथ मॉडेल बऱ्यापैकी स्वतःच हाताळू लागते. अरुंद दरीतले धुके किंवा एखाद्या कड्यावरचा वारा हवा असेल, तर १ किलोमीटरवर जावेच. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सगळ्या रनना सीमेवरची माहिती एकच दिली, तर त्यांचे एकमत पोकळ ठरते. त्यावर उपाय म्हणजे जीईएफएसच्या, म्हणजे जीएफएसच्याच अनेक रनच्या संचाच्या, वेगवेगळ्या सदस्यांकडून सीमा घेणे. ती माहितीही खुलीच आहे. १ किलोमीटरचा एकच नकाशा देखणा असतो, पण त्यावर कितपत विसंबावे हे तो सांगत नाही. धरणाचे दरवाजे कधी उघडायचे हे ठरवणाऱ्याला नेमके तेच हवे असते.