भावाची भाषा आणि अव्यक्ताची किंमत

बाजारात भाव दोन रीतींनी सांगितला जातो. एका रीतीत वस्तूचे माप ठरलेले असते आणि पैसे सांगितले जातात, जसे वांगी ऐंशी रुपये किलो. दुसरीत पैसे ठरलेले असतात आणि वस्तू सांगितली जाते, जसे लिंबे दहाला तीन. पुण्याच्या महात्मा फुले मंडईत या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात व गिऱ्हाईक उभ्या उभ्या हिशेब करते. परंतु तेच वाक्य शाब्दिक उदाहरणात आले, की एका लिंबाची किंमत १०/३ ऐवजी ३/१० रुपये लिहिणारे विद्यार्थी वर्गोवर्गी आढळतात. ही चूक आकडेमोडीची नव्हे, वाचनाची आहे, आणि खरेदीच्या उदाहरणांतील खरी अडचण बहुतेक वेळा समीकरण सोडवण्यात नसून ते मांडण्यात असते.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे शके १०७२ (इ. स. ११५०) च्या सुमारास, भाव मुद्दाम दुसऱ्या रीतीने दिला आहे. एका द्रम्माला साडेतीन मापे तांदूळ किंवा आठ मापे मूग मिळतात. वाटसरू वाण्याला तेरा काकिणी देतो आणि दोन भाग तांदूळ व एक भाग मूग लवकर मागतो, कारण जेवण उरकून त्याला पुढे निघालेल्या तांड्याला गाठायचे आहे. चौसष्ट काकिणींचा एक द्रम्म होतो. येथे भागांना थेट भावाने गुणून चालत नाही, तर भागावे लागते: दोन भाग तांदळाला ४/७ द्रम्म, एक भाग मुगाला १/८ द्रम्म, म्हणजे एकूण ३९/५६ द्रम्म लागतात, आणि हाती १३/६४ द्रम्मच असल्यामुळे त्रैराशिकाने, म्हणजे तीन ज्ञात राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीने, मूग ७/२४ माप व तांदूळ त्याच्या दुप्पट, ७/१२ माप येतो.

भावाच्या अशा उदाहरणांना भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणित’ या ग्रंथात अव्यक्ताची, म्हणजे अजून न कळलेल्या संख्येची, जोड मिळते. एकाजवळ सहा घोडे व तीनशे रूपे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे असून शंभराचे ऋण आहे, आणि दोघांचे धन सारखे आहे, तर घोड्याचे मोल काय? भास्कराचार्य एका बाजूला ‘या ६ रू ३००’ आणि दुसऱ्या बाजूला ‘या १० रू १००’ मांडतात व शेवटच्या आकड्यावर ऋणाचे चिन्ह म्हणून टिंब देतात. ‘रू’ म्हणजे रूप, अर्थात ज्ञात संख्या, तर ‘या’ हे यावत्तावत् या अव्यक्तवाचक शब्दाचे आद्याक्षर आहे; त्याचा अर्थ घोडा नसून एका घोड्याचे मोल हा आहे, आणि म्हणूनच दोन्ही बाजूंस धनच उरते. समशोधनाने, म्हणजे दोन्ही बाजूंतून सारखेच वजा करून, चार ‘या’ चारशेबरोबर ठरतात व मोल शंभर निघते.

या ग्रंथांच्या टीकांसह आवृत्त्या पुण्यातच, बुधवार पेठेतील आनंदाश्रमाने छापल्या: ‘बीजगणित’ १९३० मध्ये आणि ‘लीलावती’ १९३७ मध्ये. त्याच परिसरातील अप्पा बळवंत चौकात आज तीन वह्या व पाच पेनांचे १९५ रुपये आणि पाच वह्या व तीन पेनांचे २६१ रुपये झाले, असे उदाहरण दहावीच्या विद्यार्थ्यापुढे ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ या प्रकरणात येऊ शकते. तेथे ‘क्ष म्हणजे वही’ असे लिहिताच एका बाजूला वस्तूंचा ढीग आणि दुसऱ्या बाजूला रुपये अशी विजोड बरोबरी होते. ‘क्ष ही एका वहीची रुपयांतील किंमत’ हे पूर्ण वाक्य लिहिण्याचा आग्रह शिक्षकाने धरला पाहिजे, मग वेळ कितीही लागो. दोन बिलांची बेरीज केली, तर एक वही व एक पेन अशा आठ जोड्यांचे ४५६ रुपये होतात, म्हणजे जोडी ५७ ची. वजाबाकी केली, तर दोन वह्या दोन पेनांपेक्षा ६६ रुपयांनी, म्हणजे एक वही एका पेनापेक्षा ३३ रुपयांनी महाग ठरते. त्यावरून वही ४५ ची व पेन १२ चे. निश्चयकांनी, म्हणजे सहगुणकांच्या मांडणीवरून थेट उत्तर काढण्याच्या रीतीने, हेच उत्तर येते, पण प्रत्येक पायरीला दुकानात काही अर्थ आहे हे त्यांत दिसत नाही.

समीकरणे अव्यक्तांहून कमी असतील, तेव्हा प्रकरण अधिक रंगते. ‘बीजगणिता’त तीन द्रम्मांना पाच पारवे, पाचांना सात सारस, सातांना नऊ हंस आणि नवांना तीन मोर असा भाव देऊन, करमणुकीसाठी शंभर द्रम्मांत शंभर पक्षी आणायला सांगितले आहे. येथे अव्यक्त संख्या गटांची आहे. पक्ष्यांचे व द्रम्मांचे समीकरण एकमेकांतून वजा केले, की पहिल्या तीन जातींचे गट मिळून मोरांच्या गटांच्या तिप्पट असावे लागतात. चारही जातींचे पूर्ण गटच घ्यायचे ठरवले, तर सहा उत्तरे निघतात. त्यांपैकी एकात पाच पारवे, छप्पन्न सारस, सत्तावीस हंस व बारा मोर येतात, तर दुसऱ्यात पंचावन्न पारवे, एकवीस सारस, नऊ हंस आणि पंधरा मोर.